ललिताबाईंचा डावा डोळा

मराठीत चेहऱ्याच्या हालचालींवरून जेवढे वाक्प्रचार आहेत, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावरून असतील. आपण कपाळाला आठ्या घालतो, भुवया उंचावतो, नाक मुरडतो, गाल फुगवतो, डोळे मिचकावतो, ओठ मुडपतो, दात विचकतो. सासूने नाक मुरडले म्हणजे काय आणि नणंदेने ओठ मुडपले म्हणजे काय, हे नव्या सुनेला कुणी शिकवावे लागत नाही. आणि गंमत अशी, की हे सगळे नाटक चेहऱ्यावर घडवून आणते ती एकच नस. उजव्या बाजूला उजवीकडची, डाव्या बाजूला डावीकडची. ती दुखावली की चेहऱ्याची तेवढी बाजू मुकी होते.

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. ही नस कानाच्या हाडातून वाट काढत चेहऱ्यावर येते, त्यामुळे तोंड वाकडे झालेले रोगी फिरून फिरून आमच्याच दारात येतात. सारे आयुष्य मी असे चेहरे पाहिले. त्यांना धीर देताना एक नाव मी हमखास घेत असे, ते म्हणजे ललिता पवार. रोगी आधी दचकत. पडद्यावरच्या त्या खाष्ट सासूचे नाव डॉक्टरने धीर द्यायला घ्यावे, याचे त्यांना नवल वाटे. मग मी त्यांना ललिताबाईंच्या डाव्या डोळ्याची हकिगत सांगत असे. तीच आज जरा सविस्तर सांगते.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ चा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. येवले म्हणजे पैठणीचे गाव. घरचा व्यापारही रेशमाचा आणि सुताचा. मुलीचे नाव अंबिका. पुण्यात त्या काळी मूकपटांचे कारखानेच निघाले होते. तिथे या मुलीची लहान वयातच चित्रपटाशी गाठ पडली आणि अंबू या नावाने ती पडद्यावर दिसू लागली. चांगल्या घरच्या मुलींनी सिनेमाचे नावही काढू नये, असा तो काळ. पण या मुलीला कॅमेऱ्याची भीती नव्हती आणि अंगमेहनतीचीही नव्हती. १९३१ चा 'दिलेर जिगर' हा तिचा तलवारबाजीचा मूकपट. भारतातले बहुतेक मूकपट काळाच्या ओघात नाहीसे झाले. जे मोजके वाचले त्यांत हा एक आहे. त्याचे दिग्दर्शक गणपतराव पवार. त्यांच्याशीच पुढे तिचे लग्न झाले आणि अंबूची ललिता पवार झाली.

मूकपटाविषयी एक गोष्ट आजच्या तरुण वाचकांनी ध्यानात घ्यावी. तिथे बोलायचे नसते. रागावल्याचे, लाजल्याचे, घाबरल्याचे, सगळे काम चेहऱ्याने करायचे. गायकाचा गळा तसा मूकपटातल्या नटीचा चेहरा. या शाळेत ललिताबाई तयार झाल्या. सोळा वर्षांच्या वयात, १९३२ साली, 'कैलास' या मूकपटात त्यांनी काम तर केलेच, शिवाय निर्मितीतही वाटा उचलला. बोलपट आले तेव्हा ज्यांचा आवाज चालला नाही अशा कितीतरी नट्या घरी बसल्या, ललिताबाई मात्र टिकल्या. १९३५ च्या 'हिम्मत-ए-मर्दा'त त्या नायिका होत्या. १९३७ साली त्यांनी टॉलस्टॉयच्या कादंबरीवरून 'दुनिया क्या है' हा बोलपट काढला. भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'मध्ये त्या होत्या. वि. स. खांडेकरांनी लिहिलेल्या आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेल्या १९४१ च्या 'अमृत'मध्येही होत्या. वय पंचवीस, हाताशी काम, नाव झालेले, नायिकेची जागा पक्की.

मग १९४२ साल उजाडले. 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. एका प्रसंगात मास्टर भगवान यांनी ललिताबाईंच्या मुस्कटात मारायची होती. भगवान म्हणजे पुढे 'अलबेला'मुळे घराघरांत पोचलेले आपले भगवानदादा. पडद्यावरची चपराक बहुधा खोटी असते. हात गालाजवळून जातो, मान वळवायची असते, आवाज मागाहून भरतात. त्या दिवशी मात्र हात जोरात बसला. मनात काही वाईट नव्हते, प्रसंग खरा वाटावा एवढाच हेतू. पण त्या एका फटक्याने ललिताबाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली आणि डाव्या डोळ्यातली रक्तवाहिनी फुटली. पुढची दोन-तीन वर्षे उपचारांत गेली.

एका थपडेने चेहरा कसा लुळा पडतो, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणारच. त्यासाठी या नसेचा नकाशा थोडा समजून घेऊ.

मेंदूतून डोक्याच्या कवटीत बारा नसांच्या जोड्या निघतात. त्यांतली सातवी जोडी चेहऱ्याची. तिच्यात सुमारे दहा हजार तंतू असतात. मेंदूपासून निघाल्यावर ती कानाच्या हाडात शिरते. तिथे तिला मिळते एक बोळ. लांबी साधारण तीन सेंटिमीटर आणि सर्वांत अरुंद ठिकाणी रुंदी एक मिलिमीटरहूनही कमी. शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही नसेला हाडाच्या आतून एवढा लांब आणि एवढा चिंचोळा प्रवास करावा लागत नाही. या बोळातून जाताना ती कानातल्या इवल्याशा रिकिबीच्या हाडाचा स्नायू सांभाळते आणि जिभेच्या पुढच्या भागाची चव मेंदूकडे नेणाऱ्या तंतूंना सोबत देते. मग कानाच्या पाळीमागे, खाली, एका छिद्रातून ती बाहेर पडते. कानासमोरच्या लालोत्पादक ग्रंथीत शिरून पंजा उघडावा तशी पाच फांद्यांत पसरते. एक फांदी कपाळाला, एक डोळ्याला, एक गालाला, एक खालच्या ओठाला आणि एक मानेला. आपल्या तळहाताचे मनगट कानाच्या पाळीवर टेकवून पाच बोटे गालावर पसरा, म्हणजे हा नकाशा तुमच्याच हाताने तुमच्याच चेहऱ्यावर उमटेल.

या नसेच्या हुकमतीत दोन्ही बाजूंचे मिळून चाळीसेक स्नायू आहेत. दंडाचा किंवा मांडीचा स्नायू हाडाला बांधलेला असतो आणि हाड हलवतो. चेहऱ्याचे स्नायू तसे नाहीत. त्यांतल्या बहुतेकांचे एक टोक कातडीत गुंतलेले असते, म्हणून ते कातडीच ओढतात. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, हसताना गालाला पडणारी घडी, ही सगळी त्या ओढीची करामत. डोळ्याभोवती एक गोल स्नायू आहे, तो डोळा मिटतो. तोंडाभोवतीही तसाच एक गोल आहे, तो ओठ आवळतो. गालाच्या हाडावरून तोंडाच्या कोपऱ्याकडे उतरणारा स्नायू कोपरा वर ओढतो, तेव्हा आपण हसतो. गालाच्या आतला स्नायू घास दातांखाली परत ढकलतो.

ही नस बंद पडली की काय होते, ते आता सहज कळेल. कपाळाच्या त्या अर्ध्या भागावरच्या आठ्या इस्त्री फिरवल्यासारख्या नाहीशा होतात. भुवई खाली उतरते. डोळा मिटत नाही. रोगी मिटायचा प्रयत्न करतो तेव्हा बुबुळ वर सरकते आणि उघड्या फटीतून नुसता पांढरा भाग दिसतो. घरची माणसे हे पाहून फार घाबरतात. डोळा उघडण्याचे काम मात्र दुसऱ्या नसेचे आहे. ती शाबूत असते, म्हणून डोळा उघडतो पण मिटत नाही, दार उघडे आणि कडी मोडलेली, अशी गत. खालची पापणी सैल पडते, अश्रू गालावर ओघळतात आणि बुबुळ मात्र कोरडे पडते. तोंडाचा कोपरा खाली लोंबतो. रोगी हसला की चांगली बाजू तोंड आपल्याकडे ओढून घेते, म्हणून लोकांना वाटते, की जिकडे ओढले गेले तिकडेच दुखणे आहे. खरे दुखणे असते समोरच्या, निश्चल बाजूला. चहा ओठातून गळतो, भाताची शिते गालात साठून राहतात, शिट्टी वाजत नाही, प, फ, ब, म ही ओठांची अक्षरे निसटतात. काहींना त्या कानाने आवाज नको इतका मोठा ऐकू येतो, कारण रिकिबीच्या हाडाला आवरणारा तो स्नायूही सुस्तावलेला असतो.

आपल्याकडे याला तोंडावरून वारे जाणे म्हणतात. आयुर्वेदाने याला अर्दित असे नाव देऊन त्याची लक्षणे फार पूर्वीच नोंदली आहेत. पाश्चात्त्य वैद्यकात त्याचा उलगडा केला तो चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याने. हा माणूस चांगला चित्रकारही होता. चित्रकारांना भावमुद्रा नीट काढता याव्यात म्हणून त्याने १८०६ साली चेहऱ्याच्या शरीररचनेवर पुस्तक लिहिले. चेहरा हलवणारी नस कोणती आणि चेहऱ्याला स्पर्श कळवणारी कोणती, याचा शोध घेणारा निबंध त्याने १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला. काही उघड कारण नसताना अचानक तोंड वाकडे होते, त्या दुखण्याला आजही बेलचा पक्षाघात म्हणतात. दरवर्षी लाखात वीस ते तीस माणसांना तो होतो. त्यात नसेला सूज येते, आणि हाडाच्या चिंचोळ्या बोळात फुगायला जागा नसल्याने नस स्वतःच स्वतःला चिरडून घेते. ललिताबाईंचे दुखणे मात्र मारातून आलेले. कारण वेगळे, पण नस तीच आणि स्नायूही तेच.

एका नटीच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, त्याचा विचार करा. सुताराचा हात गेला, गवयाचा गळा गेला, तसे हे. आणि साल १९४२. ज्या औषधांनी आज आम्ही नसेची सूज उतरवतो ती स्टेरॉइड गटातली औषधे तेव्हा वापरातच नव्हती. कॉर्टिझोन रोग्याला प्रथम दिले गेले ते १९४८ साली. तेव्हाच्या वैद्यकाच्या हाती होते ते शेकणे, मालिश, विजेचे सौम्य झटके आणि वाट पाहणे. वाट पाहणे हा त्यातला सर्वांत अवघड उपचार. तुटलेली नस पुन्हा वाढते, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने. कानापासून ओठापर्यंत पोचायला तिला कितीतरी महिने लागतात. तोवर माणूस रोज सकाळी आरशापुढे उभा राहून काल हलला नव्हता तो ओठ आज हलतो का, ते पाहत राहतो.

यातला आणखी एक प्रकार वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. नव्याने वाढणारे तंतू दर वेळी आपल्या जुन्याच घरी पोचतात असे नाही. ओठाकडे जायचा तंतू वाट चुकून डोळ्याच्या स्नायूला जाऊन मिळतो. मग माणूस हसायला गेला की त्याच बाजूचा डोळा आपोआप बारीक होतो. डोळा मिटला की ओठाचा कोपरा उडतो. काहींच्या तर जेवताना डोळ्यांतून पाणी येते, कारण लाळेच्या ग्रंथीला निघालेले तंतू अश्रूंच्या ग्रंथीला जाऊन पोचलेले असतात. स्नायूही वर्षांनुवर्षे थोडे आखडून राहतात. म्हणून ताज्या पक्षाघातात जो डोळा मोठा, उघडा दिसतो तोच जुन्या पक्षाघातात दुसऱ्यापेक्षा लहान दिसू लागतो. अर्धवट भरून आलेल्या नसेची ती खूण असते.

ललिताबाईंचा चेहरा बराचसा सावरला, बोलणे सुधारले, पण डावा डोळा बारीक झाला तो कायमचाच. नायिकेच्या कामाचे दार बंद झाले. त्या काळच्या नायिकेला चेहऱ्यावर तीळ चालत होता, उणेपण चालत नव्हते. वय अवघे सव्वीस-सत्तावीस. दुसरी कुणी असती तर जुने फोटो पेटीत ठेवून घरी बसली असती, आणि तिला कुणी नाव ठेवले नसते.

ललिताबाई घरी बसल्या नाहीत. १९४४ साली प्रभातचा 'रामशास्त्री' आला. गजानन जागीरदारांचे रामशास्त्री आजही जुनी माणसे आठवतात. त्या चित्रपटात आनंदीबाई झाल्या होत्या ललिता पवार. नारायणराव पेशव्यांच्या खुनाची आणि ध चा मा केल्याची कथा मराठी घरांत पोराटोरांनाही पाठ. इतिहासकार त्या कथेविषयी काहीही म्हणोत, लोकांच्या मनातली आनंदीबाई कारस्थानी होती. तिच्या मनात काय शिजते आहे ते शब्दांवाचून दिसायला हवे होते. मूकपटाच्या शाळेतली ही नटी आता नव्या चेहऱ्याने तिथे उभी राहिली. बारीक झालेला डोळा तिने लपवला नाही, तो कामाला लावला.

पुढचे सारे आपल्याला ठाऊक आहे. व्ही. शांताराम यांचा १९५० चा 'दहेज' आला आणि हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू म्हणजे ललिता पवार, हे समीकरण पक्के झाले. मान जराशी कलती, एक डोळा बारीक, ओठ आवळलेले. ती मुद्रा पडद्यावर आली की थिएटरातल्या बायका बोटे मोडू लागत. आमच्या पिढीच्या घरांत कुणी सासू जरा कडक वागली की तिला ललिता पवार म्हणायची पद्धतच पडली होती. एका बाईचे नाव भाषेत विशेषण होऊन बसले, आणि तेही शिवीसारखे.

पण केवळ बारीक डोळ्याने सासू उभी राहिली असती, तर तो डोळा दहा-पाच चित्रपटांत जुना झाला असता. ललिताबाई पुढे शेकडो चित्रपटांत दिसल्या आणि त्यांतल्या चांगल्या भूमिकांत एक गोष्ट ध्यानात येते. तोच डोळा, तोच चेहरा, पण माणूस दर वेळी वेगळा. राज कपूरच्या १९५५ च्या 'श्री ४२०'मध्ये त्या मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई झाल्या. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणारी, आणि परक्या पोराला पाहता पाहता आपले करून टाकणारी. १९५९ च्या 'अनाडी'त त्या मिसेस डिसा झाल्या. भाड्यासाठी भाडेकरूवर डाफरणारी आणि त्याच्या पोटात घास गेला की नाही याची काळजी करणारी ही ख्रिस्ती घरमालकीण ज्याने पाहिली तो विसरला नाही. बनावट औषधाने तिचा जीव जातो तेव्हा थिएटरात हुंदके ऐकू येत. बोटे मोडणाऱ्या त्याच बायका पदराने डोळे टिपत. त्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या 'सुजाता'मध्ये त्या जातीपातीचे सोवळे पाळणारी आत्याबाई झाल्या होत्या. एकाच वर्षात दोन टोके.

मला स्वतःला मात्र १९६१ चा 'जंगली' विलक्षण वाटतो. शम्मी कपूरच्या आरोळीसाठी तो चित्रपट लोकांच्या ध्यानात राहिला. पण त्या कथेचे मूळ आहे ते एका आईत. तिने घरात हसायला बंदी केलेली असते. ती आई ललिता पवार. जिच्या चेहऱ्यावरचे हसू एका फटक्याने हिरावून नेले होते, तिनेच पडद्यावर हसण्यावर पहारा ठेवायचा. लेखकाने किंवा दिग्दर्शकाने हे मुद्दाम योजले असेल असे नाही. पण तोंड वाकडे झालेले रोगी सर्वांत आधी काय सोडून देतात, ते मी पाहिले आहे. ते हसणे सोडतात. फोटो काढून घेत नाहीत, लग्नकार्याला जात नाहीत, विनोद झाला की तोंडावर हात धरतात. त्यांच्या घरातही हळूहळू हसण्यावर बंदीच येते.

आणि पुढच्याच वर्षीचा 'प्रोफेसर' पाहावा. भाच्यांवर करडी नजर ठेवणारी ही प्रौढा एका म्हाताऱ्या प्रोफेसरावर भाळते. तो खरे तर सोंग घेतलेला तरुण असतो, हे आपल्याला ठाऊक असते, तिला नसते. ती लाजते, नटते, आरशात पाहते. त्या प्रसंगांना आपण हसतो, पण मध्येच ते हसू घशात अडकते. कारण त्या करड्या चेहऱ्यावर कोवळेपण कसे उमलते, ते ललिताबाईंनी खरे करून दाखवले आहे. अर्धी बाजू पूर्ण साथ देत नसताना हे करायचे, तर उरलेल्या बाजूवर, मानेवर, खांद्यांवर, हातांच्या हालचालींवर आणि आवाजावर किती ताबा हवा! आज फिजिओथेरपीत आम्ही रोग्याला आरशापुढे बसवतो आणि हेच शिकवतो, की जोर लावून तोंड वेडेवाकडे करू नका, थोडे, सावकाश, नेमके हलवा. ललिताबाईंच्या अभिनयात मला तो नेमकेपणा दिसतो.

हृषिकेश मुखर्जींना त्यांच्यातली माया बरोबर सापडली होती. 'अनाडी'नंतर 'मेमदीदी'त त्यांनी ललिताबाईंनाच मध्यभागी ठेवले आणि १९७१ च्या 'आनंद'मध्ये पुन्हा डिसा हेच नाव देऊन रुग्णालयाची मेट्रन केले. वरून शिस्तीची, आतून हळवी. मरणाच्या दारातल्या आनंदपुढे तिची सारी शिस्त विरघळते.

मग १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. रामानंद सागरांनी मंथरेसाठी ललिताबाईंनाच निवडले. पाठीला कुबड, हातात काठी, बारीक डोळा. नवी पिढी त्यांना ओळखू लागली ती मंथरा म्हणूनच. भूमिका अप्रतिम झाली यात वाद नाही. पण मला त्या वेळी रुखरुख लागली, ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्या कथा-कहाण्यांत दुष्ट माणूस बहुधा व्यंग असलेला असतो. मंथरा कुबडी, शकुनी पडद्यावर हटकून लंगडा, चेटकीण काणी. लहानपणापासून हे पाहत पाहत आपण वाकड्या चेहऱ्याचा आणि वाकड्या मनाचा मेळ घालून बसतो. ललिताबाईंना खाष्ट भूमिका मिळत राहिल्या, त्यात त्यांच्या कर्तबगारीचा वाटा होताच, पण आपल्या या समजुतीचाही होता.

त्याची किंमत माझ्या रोग्यांनी मोजलेली मी पाहिली आहे. ठरलेले लग्न मोडलेल्या मुली पाहिल्या. बाळंतपणाच्या सुमारास हे दुखणे जरा अधिक होते, अशा वेळी सुनेच्या तोंडावरून वारे गेले म्हणून तिला माहेरी धाडणारी घरे पाहिली. वर्गात मुले हसतात म्हणून शाळेत जायचे थांबलेले मास्तर पाहिले. दुखणे नसेचे, पण निकाल लागतो तो स्वभावाचा, नशिबाचा, पूर्वजन्मीच्या पापाचा. कुणी अंगारा लावते, कुणी कोमट तेल चोळते. त्या नादात औषधाचे मोलाचे दिवस निघून जातात.

म्हणून डॉक्टरकीच्या चार गोष्टी इथेच सांगते. सकाळी उठल्यावर तोंड वाकडे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डोळा मिटत नाही आणि त्या बाजूच्या कपाळावर आठ्याही पडत नाहीत, तर बहुधा चेहऱ्याची नस दुखावलेली असते. कपाळ नीट हलते पण तोंडाचा कोपरा खाली आला आहे, किंवा हात-पाय जड झाला, बोलणे अडखळले, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. अशा वेळी तासन् तास नव्हे, मिनिटेही दवडू नयेत, सरळ मोठे रुग्णालय गाठावे. यातले काय आहे याचा निवाडा घरी बसून करू नये. कानात किंवा कानाभोवती नागिणीसारखे फोड आले असतील तर तेही सांगावे. बेलच्या पक्षाघातात पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड सुरू केले तर फायदा होतो, हे २००७ साली स्कॉटलंडमधल्या मोठ्या चाचणीने नक्की झाले. औषधाशिवायही दहांतले सातजण पूर्ण बरे होतात, औषधाने हे प्रमाण आणखी वाढते. मिटत नसलेल्या डोळ्याला मात्र जपावे लागते. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर चिकटपट्टी. नस सावकाश का होईना भरून येते, पण कोरडे पडून बुबुळाला जखम झाली तर दृष्टी जाऊ शकते. आणि जे पूर्ण बरे होत नाहीत त्यांच्यासाठीही आज पुष्कळ काही आहे. आरशापुढचे व्यायाम आहेत, आखडलेल्या स्नायूंसाठी इंजेक्शने आहेत, नस जोडण्याच्या शस्त्रक्रिया आहेत. ललिताबाईंच्या वाट्याला यातले फारच थोडे आले.

त्यांच्या खाजगी आयुष्याविषयी बरेच काही लिहिले गेले आहे. पहिला संसार टिकला नाही. पुढे निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पडद्यावर त्यांनी असंख्य संसार मोडले आणि काही सावरले. काम मात्र त्यांनी कधी सोडले नाही. नऊ-दहा वर्षांच्या वयात चेहऱ्याला जो रंग लागला तो सत्तरीपर्यंत उतरला नाही. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंधला त्यांचे निधन झाले. ज्या शहरात अंबू पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे उभी राहिली, तेच हे शहर.

रोग्यांना मी त्यांची हकिगत सांगत असे ती त्यांनी नटनट्या व्हावे म्हणून नव्हे. लोकांना तोंड दाखवायचे कसे, हा त्यांचा खरा प्रश्न असे. ललिताबाईंनी तो चाळीस-पंचेचाळीस वर्षे, वीस-तीस फुटी पडद्यावर, अख्ख्या देशासमोर सोडवला. वाकडे झालेले तोंड त्यांनी कुणापासून झाकले नाही आणि त्याबद्दल दयाही मागितली नाही. टीव्हीवर कधी 'अनाडी' लागला तर मिसेस डिसा राजला रागे भरते तो प्रसंग जरूर पाहा, आणि क्षणभर नुसता तिचा डावा डोळा पाहा. तो मिटल्यासारखा असतो. तरी त्यातली माया कुणाच्या नजरेतून सुटत नाही.